दोनशेदोन फारसी शब्दांचा हिशेब

'जमाना किती झपाट्यानं बदलला!' हे वाक्य माझ्या आजोबांच्या तोंडी होतं, वडिलांच्या तोंडी होतं आणि आता माझ्याही तोंडून अधूनमधून निसटतं. इतिहासाच्या पुस्तकांत तेच जरा भारदस्त होऊन येतं. 'अल्पावधीतच समाजजीवनात आमूलाग्र परिवर्तन घडून आलं.' अल्पावधी म्हणजे किती? दहा वर्षं की शंभर? आणि आमूलाग्र म्हणजे शेकडा किती? असं विचारणाऱ्याकडे लोक थोड्या कीव आल्यासारख्या नजरेनं पाहतात. संस्कृती ही काय तराजूत घालून तोलायची वस्तू आहे?

सगळी संस्कृती तोलता येणार नाही, हे खरंच. पण तिचा एखादा पदर हातात धरून मोजता येतो. आणि असं मोजण्याचा एक धाडसी प्रयत्न आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं केला होता. आज त्या हिशेबाची वही आपण पुन्हा उघडून पाहणार आहोत.

तो माणूस म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जन्म १८६३ चा, मृत्यू १९२६ चा. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळून त्यांनी जुने कागद जमवले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण खंड झाले बावीस. या खंडांना त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावना आजही वाचाव्यात अशा आहेत. मतं पटोत न पटोत, डोकं जागं होतं. शिवकालीन पत्रांना लिहिलेल्या अशाच एका प्रस्तावनेत राजवाड्यांनी मराठीवरच्या फारसीच्या प्रभावाचा प्रश्न घेतला. 'प्रभाव फार होता, पुढे ओसरला' एवढं लिहून कुणीही मोकळं झालं असतं. राजवाडे शब्द मोजायला बसले.

त्यांचे आकडे थोडे सावकाश घेऊ. १६२८ सालच्या पत्रात फारसी शब्द २०२ आणि मराठी अवघे ३४. १६७७ च्या पत्रात फारसी ५१, मराठी ८४. आणि १७२८ च्या पत्रात फारसी फक्त ८, मराठी ११९. (अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेले शब्द इथे फारसीतच धरायचे.) टक्केवारी काढली तर फारसीचा वाटा आधी जवळजवळ ८६ टक्के, मग ३८ टक्के आणि शेवटी सहा टक्के. शंभर वर्षांत गंगा उलटी वाहिली.

यामागची कहाणी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. आदिलशाही-निजामशाहीच्या अमलात गावचा हिशेब मराठीतच राहत असे, पण ते मराठी फारसी पोशाखातलं. शिवाजीमहाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करवून घेतला आणि अधिकाऱ्यांची नावं बदलली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला 'राज्यव्यवहारकोश' त्याच दशकातला. कचेरीतल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश. म्हणजे इथे बदल आपोआप झिरपत आला नव्हता, तो वरून हुकुमानं आणला जात होता. राजवाड्यांचे आकडे त्या हुकुमाची पावती दाखवतात, असंच आजवर बहुतेकांनी मानलं.

पण मला प्रश्न आहे तो वेगाचा. या शंभर वर्षांत बदलाचा वेग कधी जास्त होता? शिवकालात, म्हणजे १६२८ ते १६७७ या ४९ वर्षांत? की नंतरच्या, शाहू-बाजीरावांपर्यंतच्या ५१ वर्षांत?

साधी वजाबाकी करू. पहिल्या टप्प्यात ८६ वरून ३८, म्हणजे ४८ टक्के घट. दुसऱ्या टप्प्यात ३८ वरून सहा, म्हणजे ३२ टक्के. उत्तर उघड आहे. शिवकालाचा वेग मोठा, वर्षाला सुमारे एक टक्का.

आता वजाबाकीऐवजी भागाकार करू. पहिल्या टप्प्यात फारसीचा वाटा निम्म्याहून थोडा खाली आला. दुसऱ्या टप्प्यात तो थेट एक-षष्ठांशावर आला. म्हणजे नंतरचा काळच अधिक वेगाचा! आकडे तेच, पत्रं तीच. नुसतं गणित बदललं आणि श्रेय एका शतकातून उचलून दुसऱ्या शतकात ठेवलं गेलं. पानसुपारीच्या बैठकीत यावरून दोन तट सहज पडतील आणि दोन्हीकडचे लोक आकडेच फेकतील.

तेव्हा तिसरी रीत पाहू. ती मला अधिक पटते आणि तिचं कारण सांगायला मी तुम्हाला एका जुन्या वाड्यात नेतो. पंधरा-वीस बिऱ्हाडांचा वाडा. सगळीकडे स्टोव्ह आणि चुली. एका घरात गॅसची शेगडी येते. शेजारीण बघून जाते, 'स्फोट होतो म्हणे' असं म्हणते. वर्ष-दोन वर्षं तसंच चालतं. मग दुसरी येते, तिसरी येते, आणि एकदम दोन-तीन वर्षांत निम्मा वाडा गॅसवर जातो. शेवटी उरते एखादी आजी, जिला चुलीवरच्या भाकरीशिवाय चालत नाही. ती पुढची दहा वर्षं चूल पेटवते. नव्यानं जुन्याची जागा घेण्याची ही सर्वसाधारण चाल. सुरुवातीला रेंगाळत, मध्ये धावत, शेवटी पुन्हा रेंगाळत. आलेख काढला तर ताणलेल्या इंग्रजी 'एस' अक्षरासारखा दिसतो. भाषेतले बदल मोजणारे अभ्यासक हीच वक्ररेषा वापरतात. यात मधली धाव म्हणजे कुणी मध्येच जोर लावला असं नसतं. नवं पाहणारी घरं आणि जुनं सोडू शकणारी घरं मध्यावरच सर्वांत जास्त असतात, इतकंच.

म्हणून टक्के बाजूला ठेवून प्रमाण पाहायचं. एका मराठी शब्दामागे फारसी शब्द किती? १६२८ मध्ये जवळजवळ सहा. १६७७ मध्ये सहा-दशांश, म्हणजे दहा मराठी शब्दांमागे सहा फारसी. आणि १७२८ मध्ये पंधरा मराठी शब्दांमागे एक फारसी. आता भागाकार करा. पहिल्या टप्प्यात हे प्रमाण सुमारे दहापट घटलं. दुसऱ्या टप्प्यात सुमारे नऊपट.

जवळजवळ सारखंच! हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा पुन्हा एकदा करून पाहिला. या रीतीनं पाहिलं तर दोन्ही अर्धशतकांत बदलाचा वेग एकच होता. शिवकालात झेप नाही, नंतर ढिलाई नाही. मग महाराजांचा कोश, अष्टप्रधानांची नवी नावं यांचा काहीच परिणाम झाला नाही? तसंही म्हणता येत नाही. दर पिढीला तितकाच नेटानं चालत राहिलेला बदल हाही कुणीतरी चालतं ठेवल्याशिवाय चालत नाही. पण एका राजाच्या एका आज्ञेनं भाषा फिरली हे चित्र मात्र या आकड्यांत दिसत नाही.

एवढं बोलून मी थांबलो तर तुम्ही म्हणाल, वा, गणितानं इतिहास सुटला! थांबा, आता याच आकड्यांची उलटतपासणी करू.

आपण शब्द मोजले जवळजवळ पाचशे, नेमके ४९८. पण पत्रं किती मोजली? तीन. एका पत्रातले शब्द एकमेकांचे सोयरे असतात. लिहिणारा एक, विषय एक, मायना एक. एका कारकुनाला फारसीची हौस असेल तर ती हौस दोनशे शब्दांत दोनशे वेळा मोजली जाते. भाताची परीक्षा शितावरून होते, कारण हंडीत सगळी शितं एकत्र शिजलेली असतात. दप्तराचं तसं नाही. तिथे प्रत्येक कागद वेगळ्या चुलीवर शिजलेला.

मायन्याचंच बघा. त्या काळच्या सरकारी पत्राची सुरुवात 'अज रख्तखाने' किंवा 'मशरूल अनाम' अशा ठरीव शब्दांनी होई. पुढे सुहूर सन अरबी अंकांत, 'सबा सबैन व अलफ' अशा थाटात. म्हणजे सात, सत्तर आणि हजार. मजकूर सुरू होण्याआधीच फारसी-अरबीची ओंजळभर भर पडलेली. पत्र छोटं असेल तर या ठरीव मजकुराचा वाटा फुगतो, मोठं असेल तर आटतो. एखाद्या देवस्थानाच्या इनामाचं पत्र आणि परगण्याच्या वसुलीचं पत्र यांची तुलना केली तर आपण काळाचा फरक मोजतोय की विषयाचा, हे सांगता येणार नाही.

मी स्वतः हौसेनं एका जुन्या कागदावर हा उद्योग करून पाहिला. पहिल्या पाच ओळींतच अडलो. 'खर्चिले' हा शब्द कुणाचा? खर्च फारसीच्या वाटेनं आलेला, शेपूट अस्सल मराठी. 'दरवर्षी' मध्ये दर फारसी, वर्ष संस्कृत. 'फडणीस' मध्ये फड आपला आणि 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा 'फारसी-मराठी कोश' शेजारी ठेवूनही प्रत्येक शब्दावर निवाडा मलाच करावा लागत होता. आणि तोच शब्द सहा वेळा आला तर एकदा मोजायचा की सहादा?

याहून गंभीर गोष्ट मधल्या रिकाम्या जागेची. १६७७ आणि १७२८ या दोन टिंबांमधून आपण रेघ ओढली. पण त्यांच्या मध्ये काय काय घडलं? १६८९ मध्ये संभाजीमहाराजांची हत्या झाली, राजधानी पडली, राजारामांना जिंजी गाठावी लागली. शाहू १६८९ ते १७०७ मोगलांच्या छावणीत होते. त्या अठरा वर्षांत मराठी कागदांत फारसी पुन्हा चढली असेल का? चढून पुन्हा उतरली असेल तर नंतरचा वेग आपण समजतो त्याहून कितीतरी जास्त होता. दोन टिंबांमधली रेघ नेहमी सरळच दिसते, कारण ती आपण ओढलेली असते.

मग अशी मोजणी नीट करायची कशी? कुणी केली आहे का? केली आहे, आणि त्यासाठी थोडं दूर जावं लागेल. पहिला मुक्काम अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सची दफनभूमी. १९६० च्या दशकात जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफसेन हे दोन अभ्यासक तिथली जुनी थडगी मोजत हिंडले. त्या शिळांवर तीन प्रकारची चिन्हं होती. आधी पंख असलेली कवटी, मग पंख असलेला गोंडस देवदूताचा चेहरा, आणि शेवटी कलश व त्यावर झुकलेलं विलोचं झाड. कडव्या प्युरिटन धर्मभावनेकडून मऊ, आशावादी भावनेकडे आणि पुढे नुसत्या स्मृतीकडे झालेला प्रवास या चिन्हांत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. या अर्थावर पुढे वाद झाले आणि ते रास्तही होते. पण मोजणीची खुबी पाहा. वस्तू एकाच प्रकारची, काम एकच आणि प्रत्येकीवर मृत्यूचं साल कोरलेलं. दर दशकात कोणतं चिन्ह शेकडा किती, एवढं मांडलं की एक जाडजूड पट्टा बारीक होत जाताना आणि दुसरा रुंदावताना दिसतो. कवटीचं राज्य अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं, मग देवदूत पुढे आले आणि १८०० नंतर कलश-विलोनं दोघांनाही हटवलं. केंब्रिजसारख्या, हार्वर्डच्या सावलीतल्या गावात देवदूत लवकर अवतरले, खेड्यांत ते उशिरा पोचले. शहाण्यांच्या गावची फॅशन आणि खेड्याची फॅशन यांतलं अंतर वर्षांत मोजता आलं.

पण तारीखच नसेल तर? हा प्रश्न फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज उत्खननकारापुढे इजिप्तमध्ये पडला होता. नकादा आणि दिओस्पोलिस पार्वा इथल्या राजवंशपूर्व कबरी त्यानं उकरल्या. लेख नाही, नाणं नाही, राजाचं नाव नाही. नुसती मडकी. त्यानं सुमारे ९०० कबरींसाठी प्रत्येकी एक कागदी पट्टी केली, तिच्यावर त्या कबरीतल्या मडक्यांचे प्रकार लिहिले आणि पत्त्यांचा पिसारा लावावा तशा त्या पट्ट्या खालीवर सरकवत बसला. प्रत्येक प्रकारची मडकी शक्य तितकी एकत्र यावीत, हा त्याचा नियम. एका जातीच्या मडक्यांना आधी धरायला खरेखुरे लाटदार कान होते. पुढे कान आकसले, मडकं लांबुळकं होत गेलं आणि अखेरीस नळकांड्यावर नुसती लाटेची नक्षी उरली. त्यावरून आधी कुठलं, मग कुठलं हे ठरलं. १८९९ मध्ये त्यानं ही पद्धत प्रसिद्ध केली. ओळीतल्या जागांना त्यानं ३० ते ८० असे क्रमांक दिले. एक ते २९ रिकामे ठेवले, उद्या याहून जुनं काही सापडलं तर! आणि खरंच, १९२० च्या दशकात बदारी इथे त्याहून जुनी संस्कृती सापडली आणि तिला त्या रिकाम्या जागेतले क्रमांक मिळाले. पुढे डेव्हिड केंडॉल या संख्याशास्त्रज्ञानं पेट्रीच्या पट्ट्यांमागचं गणित उलगडून दाखवलं. इतक्या सभ्यपणे आपलं अज्ञान राखून ठेवणारा विद्वान विरळा.

मात्र पेट्रीला क्रम कळला, वेग कळला नाही. त्याचे ३० आणि ४० यांत वर्षं किती, हे त्या पट्ट्या सांगू शकत नव्हत्या. वर्षं मिळायला विलर्ड लिबीची रेडिओकार्बन पद्धत यावी लागली; ती १९४९ ची. आणि एकेका नमुन्याच्या तारखेत शंभर-दोनशे वर्षांची चूकभूल असते, म्हणून अनेक तारखा आणि त्यांचा क्रम यांची सांगड घालणारं संख्याशास्त्र यावं लागलं. २०१३ मध्ये मायकेल डी आणि सहकाऱ्यांनी हे सगळं एकत्र करून सांगितलं की, नकादा संस्कृतीचा आरंभ पूर्वी मानत तसा इ.स.पूर्व ४००० च्या सुमाराचा नाही, तो ३८०० ते ३७०० मधला. आणि पहिल्या राजवंशातला राजा अहा गादीवर आला तो ३१०० च्या आसपास. म्हणजे छोट्या वस्त्यांपासून एकछत्री राज्यापर्यंतचा प्रवास नऊ शतकांचा नव्हे, सहा-सात शतकांचा. मडकी तीच, क्रम तोच, पण गोष्ट एकदम वेगवान झाली. त्याच्यामागची कारणंही आता नव्यानं शोधावी लागतात.

आता परत आपल्या दप्तरांकडे येऊ. पेट्रीजवळ तारखा नव्हत्या. आपल्याजवळ तारखाच तारखा आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि ठिकठिकाणच्या संग्रहांत कोट्यवधी मोडी कागद आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर काळ लिहिलेला आहे. एकाच जातीचे कागद घ्यावेत, म्हणजे फक्त कौलनामे किंवा फक्त महजर. दर दशकातले चिठ्ठ्या टाकून निवडावेत, मायना वेगळा मोजावा, मजकूर वेगळा. मग राजवाड्यांच्या तीन टिंबांच्या जागी शंभर टिंबं येतील आणि मधल्या अठरा वर्षांत काय झालं तेही कळेल. अडचण एकच. मोडी सफाईनं वाचणारे थोडे आहेत आणि त्यांतले आकडेमोड करायला तयार असलेले त्याहून थोडे.

आणि मोजणी कितीही चोख केली तरी ती कागदाची असेल, बोलण्याची नाही. एकनाथांनी 'अर्जदस्त' नावाचं भारूड लिहिलं. सरकारी अर्जाचा फारसी थाट त्यांनी देवाच्या दरबारी वापरला. म्हणजे सोळाव्या शतकातल्या श्रोत्यांना कचेरीची भाषा ओळखू येत होती, आणि ती कचेरीची आहे, आपल्या ओसरीवरची नाही, हेही कळत होतं. १६२८ च्या पत्रातले ८६ टक्के कुणाच्या स्वयंपाकघरात बोलले जात नव्हते. तसेच १७२८ चे सहा टक्केही. पंतप्रधान हे नाव राज्याभिषेकाच्या वेळी ठरलं. पण त्या पदावरच्या माणसाला महाराष्ट्र १८१८ पर्यंत पेशवाच म्हणत राहिला, आजही म्हणतो.

मला राहून राहून त्या १७२८ च्या पत्राचा कारकून डोळ्यांपुढे येतो. आठच फारसी शब्द येऊ देणारा. त्याच्या हातातला बोरू तेवढा मराठी होता. समोरची दौत अरबी, तीतली शाई फारसी, आणि ज्यावर तो लिहीत होता तो कागदही फारसीच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)